चेहऱ्यावरील बिघाड दुरुस्त करून मिळेल

बोलणे ही माणसाची अत्यंत बेभरवशाची सवय आहे. माणूस 'येतो' म्हणतो आणि येत नाही, 'बरा आहे' म्हणतो आणि कण्हतो, 'जेवून आलोय' म्हणतो आणि दुसऱ्याच्या ताटाकडे बघत बसतो. याउलट भुवया, नाकपुड्या आणि कानाच्या पाळ्या यांनी आजवर कोणाला फसवल्याचे ऐकिवात नाही. हे सत्य जगातल्या सगळ्या आयांना पूर्वीपासून ठाऊक आहे. पण आयांना ठाऊक असलेली गोष्ट परिपत्रकात यायला वेळ लागतो. पाणीपुरवठा विभागाच्या परिपत्रकात ती आली ती साहेब तीन दिवसांच्या शिबिराहून परतले त्या सोमवारी.

शिबिरात साहेबांना असे समजले, की माणसे एकमेकांना जे काही कळवतात त्यातले सव्वाब्याण्णव टक्के ती चेहऱ्याने आणि हातापायांनी कळवतात. शब्दांच्या वाट्याला उरतात पावणेआठ टक्के. (हा आकडा कोणी मोजला, हे विचारण्यासाठी शिबिरात एकाने हात वर केला होता. हात वर करणे ही शब्देतर कृती असल्यामुळे तिची नोंद झाली. प्रश्नाची झाली नाही.)

साहेब गणिताला पक्के होते. विभागाची तक्रार-नोंदवही चारशे पानांची. चारशेचे पावणेआठ टक्के म्हणजे बरोबर एकतीस. त्यांनी एकतीस पाने ठेवली आणि उरलेली तीनशे एकोणसत्तर पाने खिडक्यांच्या काचा पुसायला देऊन टाकली. काचा अशा लखलखीत झाल्या, की दोन नागरिक त्यांवर आपटले. त्यांच्या चेहऱ्यांवरून विभागाला पुष्कळ माहिती मिळाली.

आता खिडकी क्रमांक तीनकडे वळू, कारण जे काही घडले ते तिथेच.

या खिडकीवर अठरा वर्षे जे लेखनिक बसत, त्यांना सगळे हसरे म्हणत. हे त्यांचे आडनाव नव्हे. हजेरीपटावरचे आडनाव चांगले चार अक्षरी आणि गंभीर होते, पण त्यांचा चेहरा पाहिल्यावर ते कोणाच्या लक्षात राहत नसे. ओठांची दोन्ही टोके जन्मतःच वर वळलेली, गालांना खळ्या, डोळ्यांच्या कडांना बारीक चुण्या. आताच कोणीतरी एक फर्मास विनोद सांगितला आहे आणि आपण तो मनात दुसऱ्यांदा घोळवतो आहोत, असा तो चेहरा चोवीस तास असे. शाळेत भूमितीच्या तासाला न हसताच हसल्याची शिक्षा म्हणून ते बाकावर उभे राहिले. पुढे पोटात असह्य कळा येऊ लागल्या तेव्हा डॉक्टरांनी त्यांच्याकडे बघून सांगितले, "तुमच्यासारखे पेशंट आले की आम्हालाच बरं वाटतं," आणि घरी पाठवले. दुसऱ्या दिवशी त्यांना उचलून आणावे लागले. तेव्हाही ते प्रसन्न दिसत होते.

पण कामात हा माणूस एक नंबर होता. लोक बोलत आणि हसरे मान खाली घालून लिहीत. कोणी म्हणाले 'नळ खोकतो', की हसऱ्यांना कळे, पाइपात हवा धरली आहे. 'नळ थुंकतो' म्हणजे गाळ. 'तासन्‌तास रडतो' म्हणजे वॉशर झिजला. ते चिठ्ठीवर एवढेच लिहीत, आणि विभागाचा फिटर ती चिठ्ठी वाचूनच पिशवी भरी.

"हसरेभाऊ, तुमची चिठ्ठी असली की मी नुसता हात धुऊन येतो," फिटर म्हणे. "शोधायला काही लागतच नाही."

हसऱ्यांना आयुष्यात फार काही नको होते. ही खिडकी हवी होती.

सोमवारच्या परिपत्रकाने चिठ्ठ्या बंद झाल्या आणि चेहरापत्रक लागू झाले. तक्रारीची तीव्रता यापुढे शब्दांवरून नव्हे, तक्रारदाराच्या चेहऱ्यावरून ठरणार होती. अंश सात:

पहिला, शांत. (ही तक्रार नव्हे, भेट समजावी.)
दुसरा, ओठाचे एक टोक मुडपलेले. तीस दिवसांत विचार.
तिसरा, भुवया जवळ आलेल्या. जितक्या जवळ तितके लवकर.
चौथा, नाकपुड्या. (सर्दी वगळून.)
पाचवा, दात.
सहावा, कानाच्या पाळ्या लाल.
सातवा, वरील सर्व एकाच वेळी. त्याच दिवशी पथक पाठवावे.

पहिल्या आठवड्यात या पद्धतीचे यश डोळ्यांत भरण्याजोगे होते. एक गृहस्थ शेजारच्या कचेरीचा पत्ता विचारायला आले होते. त्यांचा बूट चावत होता. संध्याकाळपर्यंत त्यांच्या गल्लीत नवा व्हॉल्व्ह बसला. ही वार्ता गावभर पसरली आणि दुसऱ्या दिवसापासून रांगेतली माणसे लहान मापाचे बूट घालून येऊ लागली. थोरला भाऊ धाकट्याचे, सासरा जावयाचे, एक आजोबा तर नातीचे. समोरच्या फुटपाथवर एका नटाने वर्ग उघडला: 'राग, फक्त तीन दिवसांत. कानाच्या पाळ्यांसाठी वेगळी तुकडी.' रांगेत दात दाखवत उभे राहण्यावरून दोघांची खरीखुरी मारामारी झाली. पण ते दोघेही आपण सराव करतो आहोत असेच सांगत राहिले.

मग साहेबांच्या लक्षात आले, की खिडकी क्रमांक तीनवर एक कर्मचारी हसत बसलेला असतो.

"हसरे, लोक दुःख घेऊन येतात आणि तुम्ही दात काढता?"

"साहेब, माझं तोंडच तसं आहे."

"हेच ते! अजून हसताय!"

नोटीस निघाली. मीटरच्या गोदामात बदली प्रस्तावित झाली. गोदाम गावाच्या टोकाला. तिथे बंद पडलेले सात हजार मीटर होते आणि बोलणारे कोणी नव्हते. मात्र बदलीआधी गैरवर्तनाची प्रत्यक्ष पाहणी आवश्यक असते. म्हणून साहेब चेहरापत्रक आणि शिक्का घेऊन हसऱ्यांच्या पाठीमागे खुर्ची टाकून बसले.

पहिल्या बाई सहाव्या अंशाच्या होत्या. त्या तरातरा आल्या, खिडकीवर थाप मारली, मान वर करून त्यांनी हसऱ्यांकडे बघितले आणि त्यांचा खालचा ओठ थरथरला. मग नाक. मग त्या पदर तोंडाला लावून खुदुखुदू हसायलाच लागल्या. "मेलं, काय सांगायला आले होते ते विसरलेच बघा," म्हणत त्या निघून गेल्या. सहावरून पहिल्या अंशावर, चाळीस सेकंदांत. त्यांच्यामागचे गृहस्थ पाचवरून एकवर, पंचवीस सेकंदांत. हसणे सांसर्गिक असते, हे पोरासोरांनाही ठाऊक आहे. साहेबांना ते शिक्का हातात असताना समजले.

इथे साहेबांनी जो विचार केला तो सावकाश समजून घ्यावा, कारण त्याच्या सगळ्या पायऱ्या बरोबर आहेत. तक्रार चेहऱ्यावर दिसते. म्हणजे तक्रार चेहऱ्यावर असते. चेहरा शांत झाला की तक्रार उरत नाही. जी तक्रार उरत नाही ती निकाली निघालेली असते. दुसऱ्या परिपत्रकात व्याख्या आली: 'तक्रार म्हणजे तक्रारदाराच्या चेहऱ्यावरील बिघाड. तो दुरुस्त करणे हे विभागाचे कर्तव्य आहे.'

बदली रद्द झाली. हसऱ्यांसमोरचे टेबल काढले, कारण त्याने हनुवटी झाकली जात होती. पेन काढून घेतले. त्यांनी फक्त दिसायचे, असे ठरले. त्या महिन्यात दोन हजार आठशे सहा तक्रारी आल्या आणि दोन हजार आठशे सहा निकाली निघाल्या. त्याच महिन्यात गावात दोनशे चौदा ठिकाणी पाइप फुटलेले होते. हे दोन आकडे वेगवेगळ्या खोल्यांत ठेवले असल्यामुळे त्यांचे कधी भांडण झाले नाही.

अशात एके दिवशी बालवाडीच्या बाई आल्या. तीस वर्षे चार वर्षांच्या मुलांना शिकवलेली ही बाई. आवाज चढवणे तिला जमतच नसे.

"भाऊ, आमच्या मागच्या भिंतीखाली पाणी मुरतंय. काल खिडकीची कडी लागेना. आज दारही घासायला लागलंय."

हसऱ्यांना लगेच उमगले. कडी लागत नाही म्हणजे चौकट हलली. चौकट हलली म्हणजे भिंत सरकली. भिंतीच्या पायाखालची माती पाणी धुऊन नेत होते. त्यांनी विचारायला तोंड उघडले आणि बाईंनी त्यांच्याकडे बघितले. काही केल्या बाईंना हसू आवरेना.

मागून शिक्का पडला. निकाली.

"अहो साहेब, मी हसले ते यांच्या तोंडाकडे बघून! भिंतीकडे बघून नव्हे!"

"बाई, भिंत नोंदवायला आमच्याकडे रकाना नाही," साहेब प्रेमाने म्हणाले. "हसू नोंदवायला आहे."

बाई पाच दिवस आल्या, पाचही दिवस हसल्या. त्यांच्या नावापुढे 'अत्यंत समाधानी नागरिक' अशी नोंद झाली. पाचव्या दिवशी हसरे उठून साहेबांच्या समोर उभे राहिले. "साहेब, तिथं सव्वीस मुलं बसतात. ती भिंत पडणार आहे. मला झोप लागत नाही."

साहेब त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या पोटापासून हसू सुरू झाले ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "भिंत पडणार म्हणे! हसरे, अहो, तुम्ही नाटकात जा हो!"

घरी बायकोने दार उघडले आणि खाली बघितले.

"काय झालं?"

"काही नाही."

"काही नाही काय? डाव्या पायातली चप्पल उजवीकडे ठेवलीत." ती पाण्याचा तांब्या पुढे करत म्हणाली, "तुमच्या तोंडाकडे बघायचं मी लग्नाच्या चौथ्या दिवशीच सोडलंय. बोला."

त्यांनी सगळे सांगितले. भुवईही न हलवता ती ऐकत राहिली. (विभागाच्या व्याख्येप्रमाणे तिने काहीच कळवले नाही.)

"मग उद्या परत सांगा," ती शेवटी म्हणाली. "हसले तर हसू द्यात. ऐकेपर्यंत सांगा."

पण दुसऱ्या दिवशी रांगेत वेगळेच काही उभे होते. बालवाडीत सकाळी हस्तकलेचा तास झाला होता आणि विषय होता 'राग'. खूप राग आला की माणूस कसा दिसतो, यावर सव्वीस तज्ज्ञांनी मते दिली. एकीचे म्हणणे, दात खूप पाहिजेत. एकाने सांगितले, ओला टॉवेल गादीवर टाकला की आईच्या नाकातून वाफ येते. या सगळ्या सूचना स्वीकारून पुठ्ठ्याचा एक मुखवटा तयार झाला. एकोणचाळीस दात, टोमॅटोएवढे कान, भुवया एकमेकींना ओलांडून पलीकडे गेलेल्या. तो तोंडावर बांधून बाई खिडकीसमोर येऊन उभ्या राहिल्या.

मुखवट्याने हसऱ्यांकडे बघितले. हसऱ्यांनी मुखवट्याकडे. एक मिनिट गेले, पाच गेली, पाव तास गेला. मुखवटा हसेना. रांगेतल्या लोकांनी चावणारे बूट काढून हातात घेतले आणि ते एकमेकांवर आपटून टाळ्या वाजवल्या.

साहेबांनी पत्रक चाळले. 'चेहरा म्हणजे मानेवर पुढच्या बाजूस जे दिसेल ते', ही व्याख्या त्यांनी स्वतःच केली होती. इलाज नव्हता. सातवा अंश! विभागाच्या इतिहासातली, हसऱ्या चेहऱ्याने निकाली न निघालेली पहिली तक्रार. त्याच दिवशी पथक पाठवणे भाग होते.

पथकात साहेब, 'सक्षम चेहरा' म्हणून हसरे आणि फिटर. फिटरच्या हातात लेखी हुकूम होता: 'तक्रारदाराच्या चेहऱ्यावरील बिघाड दुरुस्त करणे.' त्यामुळे त्याने लाल रंगाचा डबा आणि अर्ध्या इंचाचा ब्रश घेतला. पान्हा पिशवीच्या तळाशी राहून गेला होता, तो सवयीने.

बालवाडीत बाईंना खुर्चीवर बसवण्यात आले आणि मुखवट्याच्या ओठांची टोके वर न्यायचे काम सुरू झाले.

"बाई, हलू नका. रंग ओघळतो."

"अरे बाबा, भिंत!" आतून आवाज आला.

"भिंतीचं नंतर," साहेब म्हणाले. "डावीकडून अजून थोडं वर घे रे. समाधान दिसलं पाहिजे."

हसरे मात्र मागच्या भिंतीकडे गेले होते. तडा वरपासून खालपर्यंत उतरला होता. त्यात त्यांचे बोट शिरले. भिंतीवरचे घड्याळ भिंतीला टेकत नव्हते, पुढे झुकून लोंबत होते. भिंतीला पाठ लावून सव्वीस मुले ओळीने बसली होती आणि वरून त्यांच्या केसांत बारीक माती पडत होती.

"मुलांना बाहेर काढा," हसरे ओरडले. "भिंत पडतेय!"

साहेब हसले. फिटर हसला आणि दुरुस्त होत असलेला ओठ कानापर्यंत गेला. खुद्द बाईंनी मुखवट्याच्या भोकातून बघितले आणि त्याही हसल्या.

हसऱ्यांनी पुन्हा सांगितले. पुन्हा हशा. त्यांनी तिसऱ्यांदा सांगितले, आणि त्यांचा आवाज फुटला.

आता एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. मोठी माणसे एकमेकांच्या तोंडाच्या उंचीवर राहतात. चार वर्षांची मुले राहतात गुडघ्यांच्या उंचीवर. कोणाच्या चेहऱ्यावर काय चालले आहे ते त्यांना तिथून नीट दिसत नाही, त्यामुळे ती बाकीचा माणूस बघतात. ओळीतल्या टोकाच्या एका मुलीने हसऱ्यांची पँट बघितली. ती लटलट कापत होती.

"बाई, काका खूप घाबरलेत," ती म्हणाली. "ते खरं सांगतायत." आणि उठून तिने शेजारणीचा हात धरला.

शेजारणीने पुढच्याचा शर्ट धरला. मिनिटभरात सव्वीस मुले झुकझुक करत अंगणात. मुले निघाली म्हणून बाई निघाल्या, अर्धा ओठ रंगवलेला मुखवटा तोंडावर तसाच. बाई निघाल्या म्हणून ब्रश घेऊन फिटर निघाला. सगळे निघाले म्हणून साहेबही निघाले. सामूहिक हालचालीतून संदेश कसा ओळखावा, हे शिबिरात शिकवले होते.

भिंत पडली नाही. ती दमलेल्या माणसासारखी खाली बसली. धुळीचा लोट उठला आणि विरला. सव्वीस डोकी बाईंनी तीनदा मोजली, सव्वीसच भरली. मग मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि ती 'परत' म्हणाली.

फिटरने रंगाचा डबा खाली ठेवला, पिशवीच्या तळातून पान्हा काढला आणि वीस मिनिटांत पाइप बंद केला. कोणीही त्याला हुकूम दिला नव्हता. (याबद्दल त्याला समज देण्यात आली.)

चौकशी रीतसर झाली. बाईंच्या पाचही भेटींची नोंद 'समाधानी' अशी असल्यामुळे भिंतीविषयी तक्रार नव्हतीच, हे सिद्ध झाले. भिंत स्वतः विभागात येऊन गेली नव्हती. उरला प्रश्न हसऱ्यांचा. त्यांनी कामावर असताना पाच शब्द तीन वेळा, म्हणजे एकूण पंधरा शब्द उच्चारले होते. पावणेआठ टक्क्यांप्रमाणे त्यांना परवानगी सव्वा शब्दाचीही नव्हती. शब्दांचा अतिवापर शाबीत झाला. शिक्षा: मीटरचे गोदाम.

"काही म्हणायचंय?" साहेबांनी विचारले.

"फार वाईट वाटतंय, साहेब. अठरा वर्षं बसलो त्या खिडकीवर. लोकांचं ऐकायचं, एवढंच येतं मला."

साहेबांनी त्यांच्याकडे नीट बघितले आणि लिहिले: 'कर्मचारी हसतमुखाने नव्या जागी रुजू होत आहे.' निरोपाच्या वेळी सगळे म्हणाले, काय मनाचा मोठेपणा आहे बघा, बदली झाली तरी चेहऱ्यावर रेघ नाही. त्या संध्याकाळी बायकोने दारातच खाली बघितले आणि काही न विचारता त्यांच्याजवळ पायरीवर येऊन बसली.

खिडकी क्रमांक तीन मात्र रिकामी राहिली नाही. विभागाला हसरे नको होते, चेहरा हवा होता. म्हणून हसऱ्यांचा मोठा फोटो काढून तो खिडकीत बसवण्यात आला. फोटो रजा घेत नाही, जेवायला उठत नाही आणि बोलत तर मुळीच नाही. निकालाचे प्रमाण शंभर टक्क्यांवर स्थिर आहे.

एकच अडचण राहिली. जे नागरिक खिडकीपर्यंत येतच नाहीत, घरात बसून मनातल्या मनात चडफडतात, त्यांच्या तक्रारींचे काय? घरोघरी फोटो पाठवणे शक्य नव्हते. तेव्हा विभागाने असे ठरवले, की झाला प्रकार जसाच्या तसा लिहून काढावा आणि लोकांना वाचायला द्यावा. तोच हा मजकूर. तुमच्या नळाला पाणी नसेल, रस्त्यात खड्डा असेल, भिंतीला तडा असेल, किंवा नुसतेच आत काहीतरी खदखदत असेल, तरी वाचताना तुम्ही एकदा का होईना हसला असाल. ज्या ओळीला हसलात तीच पोच समजावी. तुमची तक्रार निकाली निघालेली आहे.